मयताची घंटा

चर्चची मयताची घंटा वाजली तेव्हा मी वाडीत केळीला टेकू लावत होते. ती माझ्याच मुलासाठी वाजते आहे हे मला ठाऊक होतं.

तासाभरापूर्वी कामणच्या गोदामातून फोन आला होता. मुलगा तिथला ट्रक घेऊन मणिपूरला गेला होता, सोबत कामणचाच दुसरा ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यावर वेगळा देश मागणाऱ्या बंदूकवाल्यांनी ट्रक जाळला, एक मयत सापडलं, एवढंच त्यांना कळलं होतं. कोणाचं, ते नाही. माझ्या दिराला कधीच दम धरवत नाही. तो थेट जाऊन घंटा सांगून आला. आमच्या सांडोर गावात घंटा झाली की माणूस मेला, मग कोणी काही विचारत नाही.

केळीच्या पानांतून ऊन हिरवं होऊन खाली येत होतं. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत मुलगा मला रांगांमधून चालताना दिसे, आधी लहान, मग मोठा, हातात चपला घेतलेला. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर गेला असता.

घरी ओटीवर बायका चटई टाकून बसल्या होत्या. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मणिपूरची नर्स दाराशी उभी होती. तिच्या हातचं इंजेक्शन यांतल्या प्रत्येकीनं घेतलंय, पण आज तिला जागा द्यायला कोणी सरकेना. शेजारीण तिला ऐकू जाईल असं बोलली, "हिच्या लोकांना देशच वेगळा पायजे. मग इथं कशाला राहते?"

नर्स माझ्याजवळ आली. "आंटी, माझा मामा त्याच रस्त्याला राहतो. विचारू?"

"विचार. पण आधी इथं बस," मी म्हटलं, आणि शेजारणीला सरकवलं.

ती फोनवर त्यांच्या भाषेत बोलत राहिली. मला एक शब्द कळत नव्हता. पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. मामानं पुढच्या गावाला माणूस पाठवला. बायकांचा चहा झाला, परत झाला. संध्याकाळी तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"आय," मुलगा म्हणाला, "एका म्हातारीच्या घरात आहे. तिनं मला भाताच्या कणगीमागे लपवलं."

दीर विचारत राहिला, घंटेचं आता काय करायचं. मी म्हटलं, राहू दे, ती दुसऱ्याची होती.

मुलगा जगला. कामणचा ड्रायव्हर जगला नाही.