सतरंजीवरचे हात

कुनी नुसतं इचारलं, "दादा, शाळेचं काय चाललंय?" की माझं डोकं सरकतं. एक किस्सा सांगाया बसलो की त्याच्या मागून चार येतेत. तीन सालं झाली, गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीचा अध्यक्ष हाय मी. स्वतः सातवी नापास. सह्या करून करून अक्षर सुधारलं, राग हाय तसाच!

बिलोलीच्या आडबाजूला गाव आमचं. चौथीपर्यंत शाळा, एकच गुरुजी. माझी रेणुका तिसरीत. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद करनार म्हन्तेत अन् लेकरं पल्याडच्या गावच्या शाळेत जोडनार. मधी ओढा. मागच्या पावसाळ्यात त्यात धडधाकट बैल व्हावत गेला. आठ वर्साची पोर पाठवू का त्यातून?

*

अध्यक्ष कसा झालो ते ऐका. मीटिंग भरली. खुर्च्यांवर सरपंच अप्पा, सोसायटीचे चेअरमन, माजी हे अन् माजी ते. आमी खाली सतरंजीवर. गुरुजी म्हनले, "अध्यक्ष पालकच पायजे, असा नियम हाय. ज्यांचं लेकरू ह्या शाळेत शिकतंय त्यांनी हात वर करा."

खुर्च्यांवर एक बी हात न्हाई! समदे हात सतरंजीवरून!

अप्पा हसून म्हनले, "मग करा की तुमच्यातलाच एक."

मी उठलो. "मी होतो. पन पयले एक खुर्ची खाली करा!"

*

आमच्या पटावर कोन कोन हाय? वीटभट्टीवर आलेल्या तेलुगू लोकांची सात लेकरं, तांड्यावरची सहा, दोघं शेख भाऊ-बहीन, बाकी सहा आमची सतरंजीवाल्यांची. एकवीस.

लेकरांना काय येतं ते तपासाया तालुक्याचे शाळा-साहेब आले. पयलीतल्या लक्ष्मीला कोंबडीचं चित्र दावलं. "हे काय?"

लक्ष्मी लगेच म्हनली, "कोडी!" भट्टीवरची पोर, घरी तेलुगूच. कोडी म्हंजी कोंबडीच की!

साहेबानं कागदावर फुली मारली. "ओळखत नाही."

माझं टाळकं फिरलं. "साहेब, दोन कोसावर तेलंगणा, तिथं समदे कोडीच म्हन्तेत! चित्र कामून दावता? खरी कोंबडी सोडा अंगनात. तुमी खुर्चीवरून उठायच्या आत पोर धरून आनती का न्हाई बगा!"

साहेब शांतपनी म्हनले, "फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही."

*

मग कागद आला, तुमच्या शाळेचं वाचन कच्चं हाय. इलाज काय? वाचन कसं शिकवावं त्याच्या ट्रेनिंगला गुरुजीला बोलावलं. आठ दिस! एक गुरुजी, चार वर्ग. शाळेला कुलूप.

साहेबाला फोन लावला. "साहेब, लेकरांनी काय करायचं?"

"घरी वाचन करावं."

"पुस्तकं कुलपात हायेत!"

"मग गुरुजी आल्यावर करावं."

नवव्या दिशी गुरुजी आले, हातात सर्टिफिकेट. मी म्हन्लो, दावा तरी कशाचं हाय.

शंभर टक्के हजेरीचं!

*

पंधरा ऑगस्टला अप्पाचं भाषन. "बंधूंनो, मराठी शाळा ही गावाची माय हाय! ती वाचवनं आपलं..." तेवढ्यात इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन येऊन हॉर्न वाजवाया लागली. त्या शाळेत बी झेंडा होता ना!

अप्पा म्हनले, "दोनच मिनिटं." खाली उतरले, नातवाला टाय-बूट सारखे करून व्हॅनमंदी बशिवलं, टाटा केला, परत माईकवर आले. "तर मी काय म्हनत होतो?"

मी सतरंजीवरून वरडलो, "अप्पा, माय इकडं, लेकरू तिकडं!"

टाळ्या लई पडल्या. मला वाईट एवढंच वाटलं, अप्पांनी बी वाजवल्या.

*

एकदा गुरुजींना सहज इचारलं, "तुमचं पोरगं कुठं शिकतंय?"

"नांदेडला. इंग्लिश मीडियम." मान खाली घालून म्हनले, "मंडळी ऐकत न्हाईत हो."

मी काय बोललो न्हाई. दिसभर काय बोललो न्हाई. घरी आमच्या हिनं कपाळाला हात लावून बगितला. "ताप हाय का?"

*

दिवाळी झाली अन् तांड्यावरची बिऱ्हाडं ऊसतोडीला गेली. सहाच्या सहा लेकरं आईबापासोबत फडावर. नेमका तवाच फोन आला, उद्या साहेब पट मोजाया येनार. उरले पंधरा! गुरुजींना घाम फुटला.

अप्पा म्हनले, "त्यात काय एवढं? आमच्या गल्लीतली सहा लेकरं एक दिस बशिवतो. साहेब काय तोंडं वळखतेत?"

अशी चीड आली! तीन सालात तुमच्या गल्लीतलं एक पोर शाळेच्या सावलीत आलं न्हाई, अन् आता उपकार करायलेत! तोंडावर शिव्या आल्या होत्या. पन डोळ्यापुढं रेणुका अन् तो ओढा आला. गिळून टाकल्या.

दुसऱ्या दिशी सहा लेकरं आली, केस चोपडून. अप्पाचा नातू शौर्य पयल्या रांगेत, लक्ष्मीला खेटून. साहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले. "एकोनीस, वीस, एकवीस. छान!" दुपारी समद्यांनी खिचडी खाल्ली. शौर्यनं दोनदा घेतली. मग लक्ष्मीनं त्याला लगोऱ्या शिकवल्या. सात येळा हरला गडी, तरी हसायलाय!

साहेब सही करून गेले. अप्पा मला म्हनले, "बग, वाचवली का न्हाई शाळा?" मी दात आवळून नमस्कार केला.

त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी शाळेत गेलो तर शौर्य हाय तिथंच बसलेला, लक्ष्मीच्या बाजूला! गळ्यात इंग्लिश शाळेचा टाय. मागून अप्पा धापा टाकत आले. "ऊठ! ते कालच्यापुरतं होतं!" अन् दंड धरून वढाया लागले. पोरानं दोनी हातांनी सतरंजी धरली. हलंना.

"मला न्हाई येता येत, आजोबा! साहेबांनी मोजलंय मला!"

अप्पांनी गुरुजीकडं बगितलं. गुरुजींनी माझ्याकडं.

मी म्हन्लो, "गुरुजी, हजेरी घ्या."