हौसाचा पाटा आणि आत्मारामाचा गुडघा

चिरेखाणीवर राबणाऱ्या आत्मारामाचं आणि त्याच्या बायकोचं, हौसाचं, भांडण मधल्या कुडातून शेजारी सगळं ऐकू यायचं. त्यासाठी कान लावावे लागत नसत, उलट झाकावे लागत. त्या दिवशीचं भांडण गुडघ्यावरून होतं. तालमीत कुस्ती खेळताना आत्मारामाचा गुडघा मुरगळला, सुजून नारळाएवढा झाला, आणि हा बाबा पहाटे उठून बैठका मारत होता. दुखणं दमवलं की पळतं, हे त्याचं शास्त्र. हौसाचं म्हणणं, दमेल तो गुडघा, दुखणं कशाला दमतंय.

त्याच्या पोटातली भीती वेगळीच होती. शिमगा महिन्यावर आला होता. देवीच्या पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान त्याच्या बापापासून त्याच्याकडे. एक साल चुकलं तर चुलतभाऊ सदू टपलेलाच, आणि एकदा गेलेला खांदा काही परत येत नाही.

शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. रावजी गुरवानं मूर्तीला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, औंदा पालखी ह्याच्या खांद्यावर नाचेल काय? उजवं फूल पडलं. म्हणजे होकार. आत्माराम लंगडत घरी आला तो थेट लंगोट शोधायला.

हौसा उंबऱ्यावरच बसली. "देवीनं पालखी नाचवा म्हटलंय. बैठका मारा म्हणून कुठं म्हटलंय?"

तो म्हणाला, "परत कौल लावू काय?"

"लावा की. देवी बाईमाणूस हाय, काय सांगायची ती मला ठाव हाय."

त्यालाही ठाऊक होतं. कौल त्यानं लावला नाही.

मग हौसाच्या हुकमानं सूज उतरेस्तोवर पाय उशीवर आणि वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. मग आरे गावच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या ओल्या घट्ट वाळूतून नुसतं चालणं. पुढे खांद्यावर रिकामी टोपली, मग भाताची, आणि शेवटी घरातला पाटा. वाटेत कुणी हटकलं तर टाकी लावायला, झिजलेला पाटा छिन्नीनं खरबरीत करून घ्यायला नेतोय म्हणायचा. रोज टाकी लागणारा पाटा वाडीनं पहिल्यांदाच बघितला. घरात तेवढे दिवस चटणी नव्हती, आणि त्याबद्दल कुरकुर करायची त्याची टाप नव्हती.

शिमग्यात पालखी नाचली, पुढचा खांदा त्याचाच. सदू दिवसभर खांद्यावर पंचाची घडी घेऊन जवळ उभा राहिला आणि घडी न मोडता घरी गेला.

केस पिकल्यावर आत्मारामानं आपण होऊन तो खांदा सदूला दिला. वर बजावलं, की कुठं दुखलं तर आधी थांब, मर्दुमकी मागनं. शिमग्याआधीची पाट्याची फेरी मात्र त्यानं सोडली नाही. तो वारला ते साल एकोणीसशे एकोणचाळीस असावं. त्या साली पण पाटा उचलला, पुळणीवर फेरी मारली, आणि येताना खरोखरची टाकी लावून आणली. गुडघा जपून वाकवत चुलीशेजारी पाटा जागच्या जागी ठेवला, आणि हौसाला म्हणाला, "हं, वाट आता चटणी."