नंदूची वर्षभर मुरणारी बिअर

नंदू गेल्याचं मला ट्रेनमध्ये कळलं. त्यालाच भेटायला बर्मिंगहॅमहून ब्रिस्टलला निघालो होतो. त्याच्या बायकोचा, सुधावहिनींचा फोन आला, "भाऊजी, सावकाश या... आता घाई नाही." बाहेर धुक्यात मेंढ्या उभ्या होत्या. त्यानंतरचं स्टेशन कुठलं, मला आठवत नाही.

विमानाच्या पंखांचा हिशेब करण्यात आयुष्य गेलेला हा माझा इंजिनियर मित्र. रिटायर झाल्यावर बेल्जियमला फिरायला गेला, तिथल्या ख्रिस्ती मठात बनणारी काळसर, कडक बिअर प्यायला आणि खुळावलाच! घरी येऊन बादली आणली, माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा अर्क आणला, यीस्ट आणलं. तिकडे खास साखर घालतात. ह्याने लंडनला वेम्बलीच्या देशी दुकानातून गूळ आणला. दह्याला विरजण लावावं तशी बादली गोधडीत गुंडाळली. बाटल्या भरताना फेसासाठी चिमूटभर गोड लागतं, तिथे पठ्ठ्याने मूठभर गूळ लोटला. "अरे, मोजून घाल!" मी म्हटलं. तर म्हणे, "गूळ कुणी मोजतं का रे?" आठवड्याभरात गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात बाटल्या धडाधड फुटल्या. वहिनींचे धुतलेले टॉवेल चिंब. "अहो, दिवाळी झाली ना?" एवढंच त्या बोलल्या. आम्ही दोघं जिन्यात बसून पोट धरून हसलो.

दुसऱ्या खेपेला तो वजनकाटा घेऊन बसला. त्याच सुमारास त्याचं दुखणं कळलं. ही बिअर वर्षभर मुरावी लागते, आणि डॉक्टर वर्षाचं काही बोलत नव्हते. मी म्हटलं, "हलकी कर ना, लवकर होईल." "हलकी दुकानात मिळते," तो म्हणाला. "मला माझ्या हातची ही प्यायचीये. एक ग्लास. बस्स."

मग दुपारभर तो बादलीपाशी खुर्ची टाकून बसायचा. झाकणावरच्या नळीतून बुडबुडा यायचा... टुप... बऱ्याच वेळाने पुन्हा टुप. "ऐकलंस? झोपेत बोलतेय." डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. त्या खोलीत लवंगेचा, पिकल्या केळ्याचा वास भरून असायचा, आणि मलाही गुंगी यायची. पुढे बाटल्या भरल्या. हिवाळ्यात मी म्हटलं, "एक फोडूया की." भडकलाच! "अढीतला आंबा कच्चा काढतोस का, गाढवा?" त्याला थांबायचं होतं. थांबण्यावरच तो जगत होता, असं मला अजूनही वाटतं.

परवा, बाटल्यांना वर्ष झाल्यावर, गेलो तेव्हा वहिनींनी आपणहून एक बाटली आणली. जन्मात थेंब न घेतलेली बाई. दोन फुलपात्रांत ओतली. गर्द तांबूस रंग, वर साय धरावी तसा फेस. मी घोट घेतला, आणि काय सांगू... उत्तम! वहिनींनी ओठ लावले. मग त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, जेवायला हाक मारावी तशा म्हणाल्या, "अहो, झालीये... या ना."