काट्याला न कळलेली गोळी

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या औषध कारखान्यात यजमानांना क्वार्टर मिळालं आणि चाकणहून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. येताना कांद्याचं बी तोलायचा लहान तराजू घेऊन आल्या. बी महाग, त्यामुळे त्यांच्या घरी त्याचा दाणाही सांडत नसे.

झोपेसाठी त्या एक जाडजूड गोळी घेत. पुढे फिट येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी दिली. मटकीएवढी. "हिनं काय व्हतंय!" म्हणत सासूबाईंनी दुपारी एका पारड्यात उरलेली जुनी गोळी टाकली आणि दुसऱ्यात नव्या, काटा सरळ होईपर्यंत. तेवढ्या सगळ्या गिळून त्या आडव्या झाल्या.

चहाला हाक मारली तर उठेनात. श्वास संथ. उचललेला हात सोडला की धप्पकन पडे. मी यजमानांना डॉक्टरांकडे पिटाळलं, सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि शेजारच्या केमिस्ट भावजींना बोलावलं.

डॉक्टर तपासून म्हणाले, "नाडी ठीक आहे. उतरेल हळूहळू. पण श्वासावरची नजर काढू नका."

आम्ही उशाशी बसलो. मी विचारलं, "भावजी, वजन तर सारखंच होतं ना?"

"वजन सोडा वहिनी, ठेवण बघा." त्यांनी ताटलीत कांद्याच्या बियांचं कडं मांडलं, सहा दाण्यांचं. "एक दाणा म्हणजे औषधातला एक अणू समजा. नुसतं एवढंच दिलं तर माणूस टक्क जागा." मग कड्याला दोन दाण्यांचे दोन हात जोडले. "आता झोप येते. ही जुनी गोळी." त्यातला एक हात काढून तिथे सहा दाण्यांचं दुसरं कडं लावलं. "ही नवी. थोडक्यात भागतं, शिवाय फिट आवरते. याच घराण्यातल्या एका औषधात ऑक्सिजनचा एक अणू काढून गंधकाचा बसवला, तर ऑपरेशनच्या टेबलावर आकडे मोजता मोजता माणूस झोपतो."

घरातला प्रत्येक डबा मी ठरल्या जागी ठेवणारी. पण चार दाणे इकडचे तिकडे झाल्यानं माणसाची शुद्ध जाते-येते! मी कधी ताटलीकडे बघे, कधी सासूबाईंच्या छातीकडे.

दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले. "एवढी गर्दी कशापायी गं?"

मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा सासूबाईंनी आधी ती एकटीच पारड्यात ठेवली. पारडं जेमतेम झुकलं.

"काट्याला कळंना, आन् मला उचलून न्हेली की हिनं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मग ती एकच गोळी तळहातावर घेतली, कपाळाला लावली आणि पाणी मागितलं.