दत्तोबांच्या नावाआधीचा ‘कै.’

सविताबाईंनी फलक नावाच्या मुलीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लोणावळ्याच्या वाचनालयात. कुणीतरी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेली उत्तरं ती खोडरबराने पुसत बसली होती. मध्येच थांबून स्वतःशीच पुटपुटली, “आणि हे तर चूकच लिहिलंय!” शाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना एवढं पुरलं. त्यांनी जवळ जाऊन नाव विचारलं.

फलक वलवणची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील दस्तगीरभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. आंदर मावळातल्या निम्म्या गावांत त्यांचा चहा ठरलेला.

त्या वर्षी कॉलेजने मुलांना एक काम दिलं. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात मावळातल्या एखाद्या गावाच्या लेखात भर घालायची. फलकने नेमकं ते गाव निवडलं, जिथे बाईंनी नोकरीची अकरा वर्षं काढली होती. रविवारी अब्बांच्या मागे मोटारसायकलवर बसून ती तिथे जाऊन आली. शाळा बंद, म्हणून खिडकीच्या गजांतून पाहून टिपणं काढली. मंगळवारी तिने वाचनालयात फोन बाईंसमोर धरला.

“बाई, माझा पहिला बदल! सगळ्या जगाला दिसतो.”

बाईंनी चष्मा चढवला. दोन ओळी कौतुकाने वाचल्या आणि तिसरीवर बोट ठेवलं. ‘शाळेसाठी जागा कै. दत्तोबा यांनी दिली.’

“अगं, दत्तोबा गेले कधी?”

“भिंतीवर फोटो आहे ना त्यांचा. चंदनाचा हार घातलेला.”

तो फोटो बाईंनीच लावला होता. हार मात्र शिपाई श्रीपतीचा. पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालता घालता त्याने शेवटच्या फोटोलाही एक अडकवला होता. “अरे, ते जिवंत आहेत,” असं बाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, “आसूंद्या की बाई. बाकी समदी नटल्याली, अन् ज्यानं जागा दिली त्यानंच उगडं बसायचं व्हय?” तेव्हापासून हार तिथेच होता.

फलकचा चेहरा उतरला. “आत्ता काढून टाकते.”

“थांब. मला तिकडे जाऊन तीन वर्षं झाली. माणूस ऐंशीच्या पुढचा. खरंच गेले असले तर आणखी एक चूक होईल.”

“काढलं तरी जुनी ओळ बदलांच्या यादीत राहते, बाई. माझ्या नावासकट.” तिचा आवाज बारीक झाला. “अब्बा पंधरा वर्षं त्या गावात जातात. उद्या कुणी म्हणालं, तुमच्या पोरीनं आमच्या आबांना जिवंतपणी मारलं, तर ते तिथे कोणत्या तोंडाने जाणार?”

दत्तोबांचा मुलगा सोपान नवलाख उंबऱ्याकडे कारखान्यात कामाला. त्याचा नंबर बाईंकडे होता. त्यांनी तो लावला आणि फोन फलकच्या हातात दिला.

“लिहिलंस तू. विचारायचंही तूच.”

“मुलाला कसं विचारू, वडील आहेत का म्हणून?”

“तब्येत विचार. जे असेल ते कळेल.”

दोघी बाहेर पायरीवर आल्या. तिसऱ्या खेपेला फोन लागला.

“सोपानदादा, मी दस्तगीरभाईंची फलक. आबांची... तब्येत कशी आहे?”

“आबांची? सुट्टी हाय, घरीच हाय म्या. आबा हितंच बसल्यात की. घे, तूच इचार.”

फलकने डोळे मिटून आबांना एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हंजी तू मला मारलंस व्हय?”

“माफ करा, आबा.”

“तारीख कोनची टाकली?”

“तारीख नाही टाकली.”

“मंग आर्दवट काम केलंस की गं!” आणि म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला. “दर पंदरा आगस्टला झेंड्याला जातो, माजाच हार बगून येतो. आता आविष्य वाडलं बग माजं. बापाला सांग, मोटार पानी उचलंना, येऊन जा म्हनावं. आन् आयक, जागा म्या एकट्यानं न्हाई दिली. निम्मी आमच्या सरुवयनीची. तिचा फोटू न्हवता, म्हून ती भिताडावर न्हाई.”

फोन ठेवून फलक पायरीवरच बसली. “आहेत, बाई. आहेत ते.”

“ऐकलं मी,” म्हणत बाईंनी चष्मा पुसला.

फलकने ‘कै.’ काढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दत्तोबा हयात आहेत, फोनवर बोलले. चूक माझी.’ संध्याकाळी एका अनोळखी संपादकाचा निरोप आला. ‘फोन हा संदर्भ धरत नाहीत. छापील पुरावा मिळेपर्यंत ते वाक्यच काढून ठेवा. घाबरू नका, माझ्या पहिल्या बदलात एक धरण शेजारच्या तालुक्यात गेलं होतं.’ फलक दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि तिने वाक्य काढलं.

पुढे पंधरा दिवस वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळून तिला शाळेच्या उद्घाटनाची चार ओळींची बातमी सापडली. तिच्यात जागा देणाऱ्यांची दोन नावं होती, दत्तोबा आणि सरुबाई. तिने संदर्भासह दोन्ही लिहिली. ती कुणी काढली नाहीत.

फलक आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि सकाळच्या गाडीने रोज पुण्याला जाऊन-येऊन करते.