दादा काय खायचा?

माझ्या धाकट्या मामाइतकी लोकांच्या जेवणाची चौकशी केलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नसेल. माणसं भेटली की पाऊसपाण्याचं विचारतात, मामा विचारायचा, "तुमच्या बाळ्याच्या लग्नात भाजी कशाची व्हती?" तोवर बाळ्याला दोन पोरं झालेली असायची.

हा नाद त्याला लागला नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास, त्याचा थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेल्यावर. थोरल्या मामाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आळ्यापासून पारगावापर्यंत लग्न कुणाचंही असो, कर्णा त्याचा आणि जेवण तिथलंच. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडही नाही. दहाव्याला कुणीतरी सहज बोलून गेलं, "खाण्यातलंच कायतरी आसंल." बोलणारा घरी जाऊन विसरला, धाकट्या मामाच्या मात्र ते डोक्यात बसलं. दोघे भाऊ एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेले. "मंग त्यालाच का झाला आन् मला का न्हाई? त्यानं खाल्लं आन् मी न्हाई, आसं कायतरी आसणारच की राव!" ते काय, एवढंच त्याला शोधून काढायचं होतं.

त्यासाठी त्याने लुनावरून गावंच्या गावं पालथी घातली. कळंबला एका घरी तर लोकांना वाटलं, पाव्हणं स्थळ बघायला आलेत. त्यांनी हौसेने पोहे केले. मामाने बशी नाकाशी धरून विचारलं, "दादा यायचा तवा बी ह्येच तेल वापरायचा का तुमी?" तेल झालं, बुंदीतला रंग झाला, चहा झाला, मासवडीचा रस्सा झाला. ज्याच्यावर संशय, तो पदार्थ मामाच्या घरात सहा महिने बंद. वांगी बंद असताना कुठल्याशा पुरवणीत वांगी गुणकारी असं छापून आलं, तेव्हा पुढचे दोन महिने रोज वांगी. मामी म्हणायची, "पेपर आल्याबिगर मला चूल पेटवायची सोय न्हाई." आणि प्रत्येक वेळी शेवट एकच. मामाला आठवायचं की हे तर आपणही खाल्लंय, मासवडी तर दादापेक्षा जास्तच. मग मासवडी निर्दोष सुटायची आणि त्या दिवशी मामा चार घास जास्त जेवायचा.

सगळा मुलूख विचारून झाला, पण सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, त्याने कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी आमच्याकडे मंचरला जेवताना तोच विषय निघाला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आय रानात जायची, तवा भाकरी मीच करायची. जाळ कळायचा न्हाई, निम्म्या करपायच्या. करपलेल्या सगळ्या दादा घ्यायचा आन् चांगल्या तुला द्यायचा. तू लई ल्हान व्हतास." भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मला वाटतं, त्येनंच झालं आसंल."

मामाने हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं मी त्याला हसत आलो होतो, त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन पुण्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "करपलेल्या भाकरीनं झालं असं मी म्हणू शकत नाही. भाकरीचा काहीच संबंध नाही, असंही छातीठोक सांगू शकत नाही. एका भावाला का झाला आणि दुसऱ्याला का नाही, हे खरंच कळत नाही." मामाने तोच प्रश्न आणखी दोनदा फिरवून विचारला. उत्तर तेच आलं.

घरी पोचल्यावर तो तडक आईपुढे जाऊन उभा राहिला. "आक्के, डॉक्टरनं सपष्ट सांगितलं. भाकरीनं व्हत न्हाई. आजाबात न्हाई. इचार ह्याला." आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आई पदराने डोळे पुसत पाणी आणायला आत गेली, आणि त्यानंतर शेवटपर्यंत तिने तो विषय काढला नाही.

ती आत गेल्यावर मामा हळूच म्हणाला, "डॉक्टर खरं काय बोलला, ते तिला कदी कळू दिऊ नको. तिनं नुसत्या केल्या. चांगल्या भाकरी तर म्याच खाल्ल्या."

मी आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आता मामाही नाही.