सोड्यात गेलेली चादर

चादर दोरीवर होती, पण तिच्यावरचे बाबा गेले होते.

दुसऱ्या दिवशी माझी जुरी होती. जुरी म्हणजे फोटोग्राफीच्या कोर्सची शेवटची परीक्षा. काम टांगायचं आणि परीक्षकांसमोर उभं राहायचं. त्याच सकाळी नागपूरला बाबांचं हार्टचं ऑपरेशन. आई तिकडे होती. मला बाबांनीच परीक्षेसाठी भिलाईत थांबवलं होतं, आणि सोबतीला बोरसीहून मावशी आली होती. चादर टांगायला पाइप हवा म्हणून मी बाजारात गेले. परत येते तो हे.

ती सायनोटाइप प्रिंट होती. यात कॅमेरा लागत नाही. लोहाचे क्षार पाण्यात कालवून कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचं, मग उन्हात धरायचं. ऊन लागलं तिथे गडद निळं होतं. झाकलेला भाग धुतल्यावर पांढरा निघतो. हिवाळ्यात, आजार कळायच्या आधी, बाबा गच्चीवर त्या चादरीवर निजले होते. "स्टील मिलमधे लाल लोखंडापाशी काय कमी भाजलो का मी?" अशी कुरकुर केली, पण हलले नाहीत. निळ्यात त्यांचा पांढरा आकार उमटला होता, एक हात डोक्याखाली घेतलेला.

आता सगळी चादर फिकट पिवळी होती.

"मावशी, हे कशानं धुतलं?"

"सोड्यानं." ती माझ्याकडे बघेना. "भाऊजी तिकडं ऑपरेशनले चालले, अन् इकडं त्यांचा पांढराफटक आकार पलंगावर पसरला. मले पाहवलं नाही. तू असं कावून करून ठेवलं, पोरी?"

ओरडणार होते, पण ती दोरीवरच्या चादरीचं टोक हातानं सरळ करत होती. मी आमच्या लॅबच्या सरांना फोन लावला.

"सर, प्रिंट सोडे में धुल गई. नीला कुछ नहीं बचा."

"रंग गया है, लोहा नहीं गया," सर म्हणाले. "सोडा पूरा निकाल. फिर कड़क काली चाय में डुबो दे."

सोडा निळा रंग तोडतो, पण लोह धाग्यातच राहतं. चहाचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, त्या लोहाला धरतं आणि काळपट तपकिरी होतं. छोट्या कागदावर मी हे केलं होतं. अख्ख्या चादरीवर कधीच नाही. आणि चादर पुन्हा करायला बाबा घरी नव्हते.

मी चादर पाण्यामागून पाण्यात खळबळत राहिले. मावशीनं न सांगता मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. चहा निवला, टबात ओतला, चादर बुडवली. काहीच होईना. तेवढ्यात आईचा नंबर दिसला. ओल्या हातानंच फोन उचलला. बोलले बाबाच.

"माही चादर टांगली का?"

"रंग बदलून राहिली, बाबा."

"मंग टांग लवकर. मी ठीक आहो."

फोन ठेवून पाहिलं, तर घड्यांच्या कडांना तपकिरी चढत होती. हळूहळू सगळी पार्श्वभूमी गडद झाली. बाबा मात्र पांढरे राहिले नव्हते. चहानं त्यांचा आकार गव्हाळ झाला होता.

मावशी वाकून बघत राहिली. "आता माणसावानी दिसून राहिले," ती म्हणाली.

जुरीत फोन मुठीत धरून उभी होते. एका परीक्षकांनी विचारलं, हा टोन ठरवून आणला का? मी नाही म्हटलं आणि झालं ते सांगितलं. मार्क बरे पडले, पहिली आले नाही. दुपारी आईचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

आता दुर्गला माझा स्टुडिओ आहे, शिकायला मुलं येतात. त्यांना सांगते, घरात प्रयोग करायचा तर तो काय आहे ते आधी घरच्यांना सांगा. मी फक्त सरांना सांगितलं होतं.